अजगराला खाऊ घालण्याची जागा

आदिलाबाद, १२ डिसेंबर, सायंकाळ

आज अजगराने माझे मनगट धरले. जखम उथळ आहे, पण चूक माझीच.

सुलभा असताना ती त्याला आमच्या शयनगृहातील काचपेटीतच उंदीर देत असे. ती गेल्यावर तिची तसबीर आणि दिवा त्याच खोलीत ठेवला. तेराव्याला वहिनी कडाडल्या, "भाऊजी, दिव्यापुढं उंदीर काऊन देऊन राह्यले?"

"अजगर तिचाच आहे, वहिनी."

"असंल. पण ती आता फोटोत हाय. फोटोपुढं मटण मांडता का तुमी?"

तेव्हापासून त्याला न्हाणीघरातील टबात खाऊ घालतो आणि उचलून परत पेटीत ठेवतो. हे उचलणेच घातक आहे. उंदीर गिळल्यावरही त्याची शिकारीची तंद्री उतरत नाही. हात तीनदा साबणाने धुतले होते, तरी त्याने मनगट धरून विळखा घातला. तो सोडवताना मी सुलभाला हाक मारली. का मारली?

रविवारी मुलगी येत आहे, महिनाभरासाठी. नात तीन वर्षांची. टबापासून पेटीपर्यंत ती माझ्या पायांत घुटमळणार. तिचे मनगट केवढेसे...

म्हणजे खाऊ पेटीतच द्यायला हवा. पेटी मला एकट्याला हलवत नाही. तसबीर हलवता येते.

ती आता बैठकीत नेली आहे, दिवाही. वहिनींना काय सांगावे, ते सुचलेले नाही. इकडे शयनगृह अंधारले आहे. मी लिहिताना सहज हात उचलला, तर काचेआड त्याचे डोकेही उचलले गेले.