हर्षदाची मॅकरोनी

डिंडोली, सुरत
९ जून २०२५

तीर्थरूप आबांस,
नूतनचा सा. न. वि. वि.

अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तुम्ही रागाने गावी निघून गेलात, त्यानंतर मी पहिल्यांदाच लिहिते आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि शेजारच्यांना मध्ये घालून सांगावं असं हे नाही.

हर्षदाचं जेवण सुटलंय. पार्ले पॉइंटजवळच्या ज्या हॉटेलातून तिची चीज मॅकरोनी यायची, त्याला कुलूप लागलं. आचारी ओडिशाला गावी गेला म्हणे, त्याचा नंबर वॉचमनकडेही नाही. सहा वर्षांची पोर, दोन्ही वेळेला तेवढं एकच खायची, हे तुम्ही पाहिलंच आहे. आता फक्त दूध घेते, तेही निम्मं सांडते.

मी सगळं शहर पालथं घातलं. वेसू झालं, पिपलोद झालं, अडाजण झालं. मोबाइलवर लोकांनी जिला सुरतेतली सगळ्यात चांगली म्हटलंय, ती मॅकरोनीही आणली. वरून खरपूस, आत चीजची तार सुटणारी. डबा उघडला तशी हर्षदाने नाक दाबलं आणि पलंगाखाली जाऊन बसली. घरी करून बघितली तर वाटी भिंतीवर गेली.

यांच्या हजीऱ्याच्या कारखान्यात सध्या मोठं दुरुस्तीचं काम चालू आहे. घरी येतात ते चिडूनच. म्हणतात, पोरीला आबांकडे दोंडाईचाला ठेवू, आबा सुतासारखी सरळ करतील. मी पाठवणार नाही. तुम्हाला वाईट वाटेल, पण मागून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

उन्हातान्हात फिरू नका. रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची सून,
नूतन

दोंडाईचा
१२ जून २०२५

चि. सौ. नूतन हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू स्पष्ट लिहितेस, मीही स्पष्टच लिहितो.

पोट हा सगळ्यात मोठा मास्तर आहे. मी सुरतेला लूमवर कापड विणायला लागलो तेव्हा एका खोलीत आम्ही अकरा जण राहायचो. जे पानात पडेल ते खायचं, नाहीतर पाणी पिऊन झोपायचं. तुझा नवरा गजेंद्र लहानपणी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला तोंड वाकडं करायचा. त्याच्या आईने एक दिवस ताट उचलून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याने मागून खाल्ली. तू शहरभर डबे घेऊन फिरतेस, म्हणून पोर तुला फिरवते.

तिला घेऊन ये. इथे अंगण आहे, शेळ्या आहेत, बरोबरीची पोरं आहेत. भूक लागली की खाईल. तुला विश्वास नसेल तर तूही सोबत राहा.

अखाजीच्या दिवशी तू मला तुझ्या घराच्या बाहेर हो म्हणालीस. ते घर मी लूमच्या खडखडाटात कान घालवून उभं केलेलं आहे. पण तो विषय आता नको.

पोरीला जप. उत्तर धाड, वाट बघायला लावू नकोस.

भिकन

सुरत, दवाखान्यातून
१५ जून २०२५

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

तुमचे लूमवरचे सोबती, भेस्तानचे विठ्ठलकाका उद्या गावी येत आहेत, त्यांच्या हाती हे देते.

हर्षदा दवाखान्यात आहे. दूधही बंद केलं होतं. काल सकाळी उठवायला गेले तर मान टाकली. शेजारच्या पल्लवीच्या गाडीवरून आणली, हर्षदा मध्ये आणि मी मागे. हातावर शीर सापडत नव्हती, शेवटी पायाला सलाइन लावलं.

इथल्या डॉक्टर बाई शांत आहेत. त्यांनी यांना आणि मला समोर बसवून सांगितलं की हा हट्ट नाही. काही मुलांच्या जिभेला आणि नाकाला ओळखीचं सोडून बाकी सगळं अन्न म्हणून कळतच नाही. आपल्याला कोणी माती खा म्हटलं तर जसं होईल, तसं त्यांना होतं. अशी मुलं उपाशी राहतील, पण खाणार नाहीत. जबरदस्ती केली की उरलेलं एकही सुटतं. आबा, तुम्ही तिचं तोंड धरून भाकरीचा घास कोंबलात आणि ती निळी पडली, तेव्हा मी जे बोलले ते त्या निळ्या तोंडाकडे बघून बोलले. ते शब्द मी मागे घेत नाही.

गुरुवारी सकाळपर्यंत काही खाल्लं नाही, तर नाकातून नळी घालणार आहेत. तिला साधा कंगवा लावलेला सहन होत नाही. हात बांधावे लागतील, असं नर्स म्हणाली. हे ऐकून तुमचा मुलगा जिन्यात जाऊन रडला. मी अजून रडले नाही, मला वेळ नाही. उद्या घोडदौड रोडवर दोन ठिकाणं बघायची आहेत.

तिच्यासाठी देवाला हात जोडा.

नूतन

भेस्तान
१८ जून २०२५, बुधवार

चि. सौ. नूतन हिस,
आशीर्वाद.

मी सुरतेत आहे. विठ्ठलच्या हाती तुझं पत्र मिळालं आणि त्याच्याच सोबत काल माघारी आलो. घरी आलो नाही, दवाखान्यातही येणार नाही. तू बोलावल्याशिवाय नाही. ही चिठ्ठी आणि डबा विठ्ठलच्या सुनेच्या, रंजनाच्या हाती धाडतो आहे. आधी वाच, मग उघड.

तुला चीजचा वास सोसत नाही, गजेंद्र बाहेरचं खात नाही. त्या हॉटेलची मॅकरोनी पोरीच्या खालोखाल मीच खाल्लेली आहे. ती अर्धी टाकायची, तुम्ही दोघं झोपलात की मी डबा पुसून खायचो. अन्न टाकवत नाही मला. त्यामुळे चव माझ्या तोंडात आहे.

काल आणि आज हेच केलं. विठ्ठलला घेऊन हॉटेलं धरली. वेसूला दरवाजावरच्या माणसाने माझी टोपी बघून मागच्या दाराकडे बोट दाखवलं, मी पुढच्या दारानेच गेलो. जिथे जाऊ तिथे एकच गोष्ट दाताखाली यायची, जी त्या डब्यात कधीच नव्हती. लसूण. कुणी बारीक चिरून घालतो, कुणी लोण्यात परततो, पण घालतात सगळे. तेव्हा डोक्यात उजेड पडला. ते बंद पडलेलं हॉटेल जैन शेठचं होतं, त्या चुलीवर कांदा-लसूण चढतच नसे. तू शहरातली सगळ्यात चांगली शोधत होतीस, माय. जितकी चांगली, तितका लसूण जास्त.

मग मी प्रत्येक ठिकाणी जैन मागितली. एका ठिकाणी मिरपूड फार, एका ठिकाणी मॅकरोनी ताठ. आज अडाजणला नदीकडच्या बाजूला एक छोटं हॉटेल सापडलं. पहिला घास घेतला आणि मी चमचा खाली ठेवला. किंचित गोड, आपल्या सुरतेचं सगळंच असतं तसं. फक्त जरा कडक होती. मी सरळ भटारखान्यात गेलो, आचाऱ्याला म्हटलं की नातीचे पुढचे दात पडलेत, अजून मऊ कर. त्याने ताजी घालून जास्त वेळ उकळली.

तीच असेल असं छातीठोक सांगत नाही. माझी जीभ म्हातारी आहे. पण नळीच्या आधी एकदा समोर ठेव. कुणी काही बोलू नका, खा म्हणू नका.

मी विठ्ठलकडे आहे. काय होईल ते कळव, वाईट असेल तरी कळव.

भिकन

दवाखाना
१९ जून २०२५, गुरुवार

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

रंजनावहिनी थांबल्या आहेत म्हणून घाईत लिहिते. अक्षर समजून घ्या.

काल संध्याकाळी डबा ठेवला. तिने बघितलंही नाही, भिंतीकडे तोंड केलं. यांनी चमचा उचलला, मी यांना खोलीबाहेर काढलं आणि स्वतः खिडकीत पाठ करून उभी राहिले. मागून काहीच आवाज नाही. अंधार पडला, तशी मी देवाचं नाव घेणंही सोडून दिलं. मग झाकण सरकल्याचा आवाज आला. मी लगेच वळले नाही. वळले तेव्हा तिच्या हातात मॅकरोनीची एक नळी होती आणि ती हुंगत होती. ओठाला लावली, काढली, परत लावली. मग तोंडात घेतली आणि धरून ठेवली. थुंकेल म्हणून मी वाट बघत राहिले. तिने गिळली.

आबा, तिने सात-आठ नळ्या खाल्ल्या. थंडगार झालेल्या. आज सकाळी आणखी मागितल्या, तोंडाने नाही, माझा हात धरून डब्यावर ठेवला. डॉक्टर बाईंनी नाकाची नळी परत पाठवली. अजून काही दिवस इथेच ठेवणार आहेत, वजन भरायला हवं. धोका गेला असं त्या म्हणत नाहीत, पण सलाइन कमी केलंय.

काल रात्री मी रडले.

मी त्या दिवशी बोलले ते चूक नव्हतं. पण तुम्ही भेस्तानला परक्यासारखं राहावं, हेही बरोबर नाही. उद्याचा डबा तुम्ही स्वतः घेऊन या. वॉर्डात भेटायची वेळ पाचची आहे, मी जिन्यापाशी उभी असेन.

तुमच्या आशीर्वादाची आस असलेली,
नूतन

भेस्तान
१९ जून २०२५

चि. सौ. नूतन हिस,
आशीर्वाद.

रंजना परत आली ती दारातूनच हात हलवत आली. तिचं तोंड बघूनच मला कळलं. चिठ्ठी नंतर वाचली, दोनदा वाचली.

उद्या येतो. पण एक ऐक. ती जेवत असताना मी वॉर्डाबाहेर बाकावर बसेन. माझ्या हाताची तिला भीती आहे, ती तिने ठरवल्यावर जाईल, आपण ठरवून नाही. जेवून झालं की तू मला आत बोलाव. नाही बोलावलंस तरी मी परवा येईन.

आणि मी इतक्यात गावी जात नाही. हॉटेलांना कुलपं लागतात, आचारी मुलखाला निघून जातात. ही पोर पुन्हा कुणाच्या कुलपावर लटकता कामा नये. अडाजणच्या आचाऱ्याने दुपारी गर्दी ओसरल्यावर मला शेगडीपाशी उभं राहू द्यायचं कबूल केलंय. त्याचं बोलणं मला ऐकू येत नाही, पण हात दिसतात. लूमही मी असाच शिकलो. आज विठ्ठलच्या घरी पहिला हात मारला, तर दूध करपलं आणि रंजनाने पातेलं भिजत टाकलंय. उद्या परत करतो.

गजेंद्रला सांग, रडलास ते बरं केलंस. पोरीच्या डोक्यावरून माझ्या वतीने हात फिरव, तिला चालत असेल तर.

भिकन