गिरणीच्या मैदानावरचा समुद्र

३ फेब्रुवारी, सकाळी
बंद गिरणीच्या मैदानावर मोठा बोर्ड लागला. 'सागर सिटी. शॉपिंग, सिनेमा, फूड कोर्ट आणि सोलापूरचा स्वतःचा समुद्र.' चित्रात वाळू, माडाची झाडं, लाटेत उड्या मारणारं एक कुटुंब. कुटुंब आपल्याकडचं वाटत नाही. खाली बारीक अक्षरात 'लाटा कृत्रिम'.

कल्लप्पाच्या हॉटेलात चहाला गेलो तर तोच विषय. कल्लप्पा म्हणाला, रुद्रप्पाण्णा, मॉलसाठी रस्ता रुंद करणार म्हणं, आपली लाइन जातीया. आपली लाइन म्हणजे त्याचं हॉटेल, शेजारी माझं दानम्मादेवी मॅचिंग सेंटर आणि पुढची पाच-सहा दुकानं. मी म्हणालो, मी आहे तोवर एक वीट हलणार नाही. सगळे गप्प झाले. माझ्या बोलण्याला वजन आहे.

दुकान जाणार हे ऐकून आत काहीच हललं नाही. मी मुळात खंबीर माणूस असणार.

५ फेब्रुवारी
समिती काढली. सागर सिटी विरोधी दुकानदार कृती समिती. अध्यक्ष मी. दुसऱ्या कुणाचं नाव आलं नाही, म्हणजे बिनविरोध. कल्लप्पा खजिनदार, कारण मीटिंगचा चहा त्याचाच. समोरचा प्रभु लेडीज टेलर आला नाही. म्हणाला, लग्नाचे ब्लाऊज द्यायचेत ओ काका, बायका डोस्कं खात्यात. माणसाला समाजाचं काही पडलेलंच नाही.

घरी बायकोनं, महानंदानं विचारलं, तुमी मीटिंगा करत फिरल्यावर दुकानात कोण बसणार? म्हणालो, तू बस. म्हणाली, रोज बसतेच की.

११ फेब्रुवारी
हॉटेलात दोन पार्ट्या झाल्या. एका पार्टीचं म्हणणं, यावा मॉल. रविवारी बायको-पोरांना घेऊन जायचं कुठं? तळ्याकाठी भेळ खायची आणि घरी यायचं, झालं सोलापूर. दुसरी पार्टी म्हणाली, जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरते, त्यात पाळणे बसून होतात, वर्षाची हौस फिटते. मग आवाज चढले. एक म्हातारा म्हणाला, हितं प्यायला चार दिसाआड पाणी, आन् ह्यास्नी लाटा पायजेत व्हय! मुद्दा बरा आहे. मला सुचलाच असता. भाषणात घेतला.

रात्री जेवताना महानंदा म्हणाली, समुद्र बघायला आवडंल मला, बघितलाच न्हाय कदी. मी म्हणालो, आपण विरोधात आहोत. ती म्हणाली, मग विरोधात असल्यावर समुद्र बघू न्हाय का? मी भाकरी अजून एक घेतली.

१८ फेब्रुवारी
आज दिवसभर दुकानात मीच. एका बाईला साडीवर मोरपंखी अस्तर दिलं. ती उन्हात जाऊन बघून परत आली. म्हणाली, काका, हा रामा कलर हाय, वैनी कुटं हायत? दुसरी आली, तिनंही पहिल्यांदा तेच विचारलं. बायकांना बायकांशी बोलायला बरं वाटतं. माझ्या रंगाच्या नजरेबद्दल कुणाला शंका असेल असं वाटत नाही.

संकल्प: उद्यापासून भाषणाची प्रॅक्टिस, रोज, आरशासमोर.

२५ फेब्रुवारी
प्रॅक्टिस झाली नाही. आरसा दुकानात आहे आणि दुकानात गिऱ्हाईक असतं.

कंपनीचे पुण्याचे साहेब येऊन गेले. लोकांचं म्हणणं ऐकायला सभा घेतो म्हणाले, तारीख तुम्हीच सांगा. मला विचारलं. अख्ख्या लाइनीत मलाच विचारलं. मी रविवार, नऊ मार्च सांगून टाकली. सगळ्यांना सुट्टी, हॉल भरणार. नियोजन म्हणतात ते हे.

९ मार्च, सकाळी
भाषण तयार. सुरुवात 'सोलापूरकरांनो', शेवट 'नाही म्हणजे नाही'. मधे अजून भरायचंय पण ते उभ्यानं सुचेल. इस्त्रीचा सदरा. महानंदा म्हणाली, आज का ठेवली सभा? मी म्हणालो, रविवार आहे. ती काही तरी बोलत होती, पण मी मनात भाषण म्हणत होतो.

९ मार्च, रात्री
मंगल कार्यालय तुडुंब भरलं होतं. आमची लाइन, मागची गल्ली, बायका-पोरं, सगळी. साहेबांनी पडद्यावर लाटा दाखवल्या. मी पहिल्या रांगेत, खिशात भाषण. माझं नाव पुकारायचं तेवढं राहिलं होतं.

तेवढ्यात मागून एका बाईचा फोन वाजला आणि ती ओरडली, नळाला पाणी आलंय! हॉलमधल्या खुर्च्या एकदम करकरल्या. आमच्या भागाचा पाण्याचा दिवस होता. बायका आधी पळाल्या, मग पोरं, मग समिती. कल्लप्पाला हाताला धरून थांबवलं तर म्हणाला, अण्णा, टाकीत थेंब न्हाय, एन माडोदु? कानडीत 'काय करायचं' विचारलं की त्याला थांबायचं नसतं. तो गेला. तारीख मी दिली हे खरं. पण पाणी मी सोडलं नव्हतं.

उरलो मी, कंपनीची माणसं आणि मांडववाला. मी उठणार तोच साहेब माइकवर म्हणाले, आमच्या विनंतीला मान देऊन आलेले ज्येष्ठ व्यापारी रुद्रप्पाजी यांचा आपण सत्कार करूया. मला काही कळायच्या आत डोक्याला फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ. मग माइक दिला.

आता फेटा बांधून घेतल्यावर, ज्यानं बांधला त्यालाच तोंडावर नाही म्हणायचं? आपल्यात ही पद्धत नाही. घरी आलेल्या शत्रूलाही आपण चहा विचारतो. मी आभाराचे दोन शब्द बोललो. 'असेच उपक्रम होत राहोत' हे वाक्य कुठून आलं ते मला माहीत नाही, सत्काराला उठलं की ते तोंडात येतंच.

१० मार्च
पेपरात फोटो. फेटा चांगला दिसतोय. खाली लिहिलंय, 'सागर सिटीचे व्यापाऱ्यांकडून स्वागत'. कल्लप्पानं चहा दिला, बोलला नाही. त्याला डावपेच कळत नाहीत. शत्रूच्या गोटात शिरल्याशिवाय शत्रू कळत नाही. मी आता गोटात आहे.

महानंदानं फोटो बघितला आणि पेपर भाजीच्या पिशवीखाली ठेवला. मला काही वाटलं नाही.

१६ मार्च
साहेब दुकानात आले होते. गाडीतून उतरून आले, हे सगळ्यांनी बघितलं. म्हणाले, तुमच्यासारखी माणसं आम्हाला आत हवीत. मॉलमध्ये तळमजल्यावर एक कॉर्नर तुमच्यासाठी बघू. खांद्यावर हात ठेवला. कॉर्नर, तळमजला, एसी. महानंदानं विचारलं, लेखी दिलंय व्हय काय? मी म्हणालो, मोठी माणसं खांद्यावर हात ठेवतात, लेखी लहान माणसं देतात. ती म्हणाली, मग आमी लहानच बरे.

२७ मार्च
ठरलं. रस्ता रुंद करणाऱ्यांनी हुसकावण्याआधी आपण स्वतः निघायचं. याला डिग्निटी म्हणतात. शिवाय साहेबांना कळेल की हा माणूस तयार बसलाय.

जागेचे मालक आबासाहेब मंगळवेढ्याहून आले. ज्वारीची काढणी सोडून आले म्हणून जरा घाईत होते. म्हणाले, रुद्रप्पा, नीट इचार केलासा का? मी काय जा म्हणत न्हाय तुमास्नी. मॉल कवा हुयाचा, रस्ता कवा हुयाचा. मी हसलो. शेतकरी माणूस, बिझनेस पुढचं बघून करायचा असतो हे त्यांना कसं कळणार? पाडव्याच्या आधी चावी हातात देतो म्हणालो.

महानंदाला रात्री सांगितलं. म्हणाली, लगीनसराई तोंडावर हाय. आता कुटं चार पैशे दिसायचं दिवस आन् तुमी दुकान सोडताव? मला इचारलं का? मी म्हणालो, तू समुद्र बघायचा म्हणत होतीस. ती पदर तोंडाला लावून रडली. मी पंख्याकडे बघत पडलो होतो. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण काही आलं नाही. मोठे निर्णय घेणाऱ्यांचं असंच होत असावं.

२९ मार्च
चावी दिली. शटर ओढताना मागून कुणी तरी बघतंय असं वाटलं म्हणून वळलो नाही. कल्लप्पाच होता. म्हणाला, अण्णा, तुमी अध्यक्ष, तुमीच पैला गेला. मी म्हणालो, नेता नेहमी पुढे असतो.

६ एप्रिल
उरलेला माल घरी. दिवाणात रुबियाचे ब्लाऊजपीस, पलंगाखाली अस्तर, स्वयंपाकघरात फॉल आणि लेस. पाय ठेवायला जागा नाही. तात्पुरतं आहे.

साहेबांना फोन केला. उचलला नाही. कामाचा माणूस.

२२ एप्रिल
नव्या दुकानाचं डिझाइन काढलं. काचेचं दार, आत सोफा, रंग बघायला खास लाइट. नाव 'दानम्माज'. शेवटी ज लावला की मॉलमधलं वाटतं. महानंदाला दाखवलं. ती भांडी घासत होती, न बघता म्हणाली, छान हाय. तिला आवडलं.

साहेबांना फोन केला. मीटिंगमध्ये असावेत.

१३ मे
लग्नाचा जोर. बायका दुकान शोधत घरी येतात. महानंदा दिवाण उघडून उकिडवी बसून मॅचिंग दाखवते. साडी दारात उन्हात धरायची, मान डोलवायची, हाच द्या वैनी. माल संपत आला. नवा आणायला जागा नाही. मी मधे बसलो की म्हणतात, काका, जरा बाजूला होताव का? होतो.

१९ मे
आमची जागा प्रभु टेलरनं घेतली. मॅचिंग आणि शिलाई एकाच ठिकाणी. आयडिया माझीच, मी एकदा बोललो होतो बहुतेक. प्रभु घरी आला होता. मला नमस्कार केला आणि महानंदाला म्हणाला, काकू, मला रंगातलं काय कळत न्हाय ओ, तुमी येऊन बसला तर लई उपकार हुतील. महिन्याला पगार.

मी म्हणालो, हे शक्य नाही. उद्या मॉलमध्ये आपलं दुकान, मालकीण दुसऱ्याच्या काउंटरला, काय दिसेल ते? महानंदा म्हणाली, सोमवारपासनं येते रे प्रभु. मी तिथंच बसलो होतो. दोघांनी माझ्याकडे बघितलं पण नाही.

तिला चार दिवस हौस करू द्यावी. परत येईल.

७ जून
मैदानावरचा बोर्ड काढला. पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी. लाटांना लागणारं पाणी मिळण्याची खात्री नसल्यानं कंपनीनं सोलापूरचा प्रकल्प गुंडाळला. रस्ताही नाही, रुंदीकरणही नाही. लाइन जिथल्या तिथं.

हॉटेलात कल्लप्पानं सगळ्यांना फुकट चहा दिला. मलाही दिला. मी सांगितलं, पाण्याचा मुद्दा माझ्या भाषणात होता. कुणी तरी म्हणालं, कुटल्या भाषणात? मग सगळे हसले. चांगलं वातावरण होतं. आंदोलन यशस्वी झालं. समितीतर्फे माझा सत्कार करावा असं सुचवणार होतो, पण दुसऱ्यानं सुचवलेलं बरं.

साहेबांचा फोन आता लागतच नाही.

९ जून
आबासाहेबांना फोन केला. म्हणालो, जागा परत द्या, जुना माणूस आहे मी. ते म्हणाले, चावी तुमीच दिलीसा की. प्रभुला जबान दिलिया म्या. आता त्येला काय म्हणून काढू? तुमीच सांगा. मी म्हणालो, बरोबर आहे. मीच म्हणालो. फोन ठेवल्यावर दिवाणावर बसलो. दिवाण रिकामा झालाय, वाजतो.

महानंदाला सांगितलं नाही. तिला आधीच माहीत होतं.

१६ जून
आज सकाळी दुकान उघडायच्या वेळेला पाय तिकडं निघाले. कशासाठी ते ठरवलं नव्हतं. प्रभु अजून आला नव्हता. महानंदा आली, कमरेच्या बटव्यातून चावी काढली आणि कुलूप उघडलं. हे शटर उजवीकडून अडकतं, तिथं गुडघा लावून उचलावं लागतं, म्हणून मी वाकलो. ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या ओ, नोकरी हाय माझी, कुणी बघितलं तर बरं न्हाय दिसायचं. मी सरळ झालो. तिनं एकटीनं शटर उचललं, आत उदबत्ती लावली आणि काउंटर पुसायला घेतला.

एक बाई हिरवी साडी घेऊन आली, मला म्हणाली, काका, जरा वाट द्या. मी पायरीवरून खाली उतरलो. महानंदानं साडी उन्हात धरली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, हितं उबं ऱ्हाऊन काय करताव? घरी जावा, भाकरी झाकून ठिवलिया.

वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. घरी आलो आणि दार लावून घेतलं. सदरा काढून खुंटीला अडकवला. जेवायला अजून खूप वेळ होता.