फावड्या बेडकांचं कूळ

डिलाईल रोड,
१३ फेब्रुवारी २०२५

चि. मेघना हिस,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना उतरून भाजी आणते. तुझ्या आईबाबांना नमस्कार सांग. दादर काही लांब नाही, फोनही हाताशी आहे. पण बोलताना माझा आवाज फुटतो, म्हणून लिहिते.

हितेंद्रचं ते जाडं इंग्रजी पुस्तक वाचून झालं. माझा मुलगा अमेरिकेच्या वाळवंटात ज्या बेडकांच्या अभ्यासापायी गेला आणि तिथेच गाडी उलटून संपला, ते बेडूक आहेत तरी कसे, एवढं मला कळायला हवं होतं. मी सातवी शिकलेली; शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. मागच्या पायाला फावड्यासारखा कडक उंचवटा, डोळ्यांत मांजरासारखी उभी बाहुली. मागे मागे खणत जमिनीत उतरतात आणि पाऊस येईपर्यंत महिनोन्महिने तिथेच. हितेंद्र फोनवर म्हणायचा, "आई, तू खोली लहान म्हणून रडतेस, हे बघ, अंगाएवढ्या खोलीत संसार!"

युरोपातही असेच बेडूक आहेत. पूर्वी शास्त्रज्ञांनी दोघांना एकाच कुळात घातलं होतं. पुढे बारकाईने पाहिलं आणि अमेरिकेतल्यांचं कूळ वेगळं केलं. पुन्हा एकत्र आणलं असेल म्हणून मी पुढची पानं घाईने उलटली. नाही आणलं. दूरचे नातलग, एवढंच लिहिलंय.

रविवारी तू दारात चप्पल घालताना म्हणालीस, "आई, अनिमेषने लग्नाचं विचारलंय. तुम्ही हो म्हणालात तरच." आणि मी म्हटलं, "दोन भाकऱ्या नेतेस का?" तू नेल्यास. त्यानंतर तुझा फोन नाही, माझाही नाही.

काल शेजारच्या कालिंदीला सांगितलं, मेघनाचं केळवण मी करणार. तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"अगो शकू, लग्नाआधीचं जेवण माहेरची माणसं घालतात. सासू कधी घालते काय? आणि त्या पोराला पाटावर कोण म्हणून बसवशील?"

"जावई म्हणून."

"येडी झालीस."

"मग तू येऊ नकोस वडे तळायला."

"येते गो! तुझे वडे कधी फुगलेत?" म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत आत गेली.

तर माझं उत्तर हो आहे. दर रविवारी सासूकडे येऊन नवऱ्याचे शर्ट उन्हात घालायचे, हे तुझं वय नव्हे. हो म्हणायला जड गेलं, कारण तू गेलीस की "आपला हितेंद्र" म्हणायला माझ्यासोबत दुसरं कोणी उरत नाही. हे तुझ्यावर ओझं म्हणून लिहीत नाही. कधी विचारलंस तर मला खोटं बोलता येणार नाही, म्हणून.

येत्या रविवारी दोघं या. काळ्या वाटाण्याचं सांबार, वडे आणि खीर करते. हितेंद्रचा फोटो त्या दिवशी उतरवून ठेव, असं कालिंदी म्हणते. ते मला जमणार नाही. तुमचे पाट त्याच्याकडे पाठ करून मांडीन. मी वाढायला समोर असेन. त्याच्याकडे मी बघेन.

अनिमेषला तिखट चालतं का, तेवढं कळव.

हितेंद्रची आई