बाळाची आठवण कोण काढतंय?

माणिकपूर,
डिसेंबर १९७९

प्रिय इनेझताईस,

धाकट्या सॅन्टनचा आदरपूर्वक नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत विचारू नकोस (तू विचारणार नाहीसच). डेल्फिनच्या लग्नात तुझी खुर्ची बँडवाल्यांच्या मागे पडली, तेव्हापासून तू आमच्याकडे पाणीसुद्धा घेतलं नाहीस. माझ्या मार्थाच्या मयतीलाही उभ्या उभ्या येऊन गेलीस. नालासोपारा इथून एक स्टेशन, आणि मी सख्ख्या बहिणीला पोस्टाने पत्र धाडतोय. असो.

डेल्फिन बाळंतपणाला आली, मुलगा झाला. आता आई नसलेल्या घरात बाळंतीण म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. बाळाची आई स्वतःच पोर, आणि आजीच्या जागी मी! त्यात बाळाला उचकी लागते. दूध प्यायलं की लागलीच. एवढासा जीव, नखशिखांत उडतो. डेल्फिन म्हणते, "पप्पा, आई असती तर…" आणि रडत बसते. मी काय करू गं? शेजारच्या बायजाने कपाळाला ओला दोरा चिकटवायला सांगितला. चिकटवला. उचकी तशीच, दोरा तेवढा घसरून नाकावर आला. मग दचकवावं म्हणून मी कागदी पिशवी फुगवून फोडली. बाळाने ढुंकूनही पाहिलं नाही, डेल्फिनच्या हातून मात्र पेजेचं पातेलं पडलं (अर्धी पेज माझ्या पायावर, भाजलंय, पण मला कोण विचारतंय). डॉक्टर म्हणाला, तान्ह्या बाळांना उचकी लागायचीच, आपोआप थांबते, दूध पाजल्यावर उभं धरून पाठ थोपटा. एवढं ऐकायला मी लंगडत गेलो होतो.

शेवटी बायजा म्हणाली, कोणीतरी आठवण काढतंय, नावं घ्या, बरोबर नाव आलं की थांबेल. (फादरांच्या कानावर घालू नकोस.) मी बाळाला खांद्यावर टाकून, पाठ थोपटत ओटीवर येरझाऱ्या घालू लागलो. जहाजावरचा त्याचा बाप निकोलस? नाही. व्याही? नाही. विहीणबाई? त्या कशाला काढतील आठवण, पोराचं नाक आमच्यावर गेलंय. मग जरा घुटमळून म्हटलं, "इनेझ." आणि ताई, उचकी थांबली! म्हणजे तू आमची आठवण काढतेस, उगाच फुगून बसली आहेस. येत्या रविवारी बाप्तिस्मा आहे, ये. खुर्ची पहिल्या रांगेत ठेवतो, आणि बँड सांगितलेलाच नाही.

तुझा,
सॅन्टन

ता. क. : चार कपडे जास्त आण. रविवारी संध्याकाळीच परत जायचं काढू नकोस.

आणखी एक : वर लिहिलं ते खोटं आहे. तुझं नाव मी तीनदा घेतलं, पोरगं उडतच होतं. ओळखीची सगळी नावं संपली, तेव्हा तोंडून मार्थाचं नाव गेलं, आणि उचकी थांबली. (त्याच क्षणी त्याने माझ्या शर्टावर दुधासकट ढेकर दिला, तेव्हा डॉक्टरचंच खरं असावं. डेल्फिनला हे सांगितलेलं नाही.) पण मार्था आता यायची नाही गं. म्हणून तू ये.