शेवटचा डबा गेल्यावर

कामशेत, रविवार

प्रिय अनघा,

दिवाळीतला तुझा निरोप मी कितीदा तरी वाचला. 'आबा, नागपूरला राहायला या म्हटलं, त्याचा एवढा राग? फोनसुद्धा उचलत नाही?' त्यानंतर तुझा फोन आला नाही. आता भात झोडून झालंय, शिवारात नुसती धसकटं उरलीत, आणि मी रोज उत्तर मनातल्या मनात लिहून खोडतोय.

आपलं रेल्वेफाटक गेलं. पूल झाला, माझी गेटमनची खोली पाडली. तरी संध्याकाळी मी तिथं जाऊन बसतो. शाळेतून आलीस की तू त्या खोलीच्या उंबऱ्यावर पुस्तक उघडायचीस. कवितेची एक ओळ तुझी, एक माझी. मधेच गाडी आली की मी झेंडा घेऊन उभा. त्या धडधडाटात काही ऐकू यायचं नाही, पण आपला नियम होता, कविता थांबवायची नाही. मनात चालू ठेवायची आणि शेवटचा डबा गेला की मोठ्यानं म्हणायची. दोघं एकाच शब्दावर सापडलो की तू टाळ्या पिटायचीस. मालगाडी लांबली तर मात्र चुकामूक व्हायची. तुझी आई म्हणायची, "बापलेकीला एकाच गाडीनं वेड लावलंय."

मागच्या महिन्यात तळेगावला जाऊन आलो, जबड्याच्या डॉक्टरीणबाईंकडे. प्रेरणा नाव, तुझ्याच वयाची. जबडा उघडताना कानापुढं वाळू चिरडल्यासारखं करकरतं म्हणून गेलो होतो. तिनं कागदाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. सांध्याच्या हाडावर कूर्चेचं, म्हणजे मऊ लवचिक हाडाचं अस्तर असतं. त्यातल्या पेशीच त्याचं जाळं विणतात, त्यात पाणी धरून ठेवतात. "आबा, तुम्ही झोपेत दात आवळता," ती म्हणाली. वर्षानुवर्षं भार पडला की त्याच पेशी बिथरतात आणि कात्रीसारखे रस सोडून आपणच विणलेलं जाळं कापायला लागतात. तुटलेले तुकडे शेजारच्या पेशींना चिथवतात. काही मरतात. काही म्हाताऱ्या होऊन तिथंच बसतात, काम करत नाहीत, मरतही नाहीत, उरलेल्यांना मात्र नासवत राहतात. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या पारावरच्या मंडळींसारखं!" ती खळखळून हसली. मला हसता आलं नाही, कळ आली.

गंमत पुढं आहे. त्या अस्तराला रक्ताची नळीच नाही. सांधा हळुवार हलला तरच आतल्या वंगणातून पेशींच्या तोंडी काही पडतं. म्हणून कडक चावायचं नाही, पण मुकंही राहायचं नाही, असं तिनं बजावलं. इथं बोलू कुणाशी? तुझी आई गेल्यापासून घरात बोलतो तो फक्त कुकर. शेजारची नंदाबाई गुरगुट्या भात आणून देते आणि दारातूनच ओरडते, "आबा, बोला की वो कायतरी! तोंडाला कुलूप लावून कुटं मानूस जगतंय व्हय?"

अनघा, फोन उचलला नाही तो रागानं नव्हे. माझं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. शब्द चेपून बाहेर पडतात. लहानपणी तुझा 'ळ' स्पष्ट यावा म्हणून ज्यानं एकच ओळ वीस वेळा म्हणवून घेतली, त्याचं हे बोलणं तुला ऐकवायची लाज वाटली. तू त्याला राग समजलीस आणि मी समजू दिलं, ही चूक माझी. येत्या रविवारी पाचला फोन कर. उचलीन. आपली चौथीतली कविता तू पहिल्यापासून म्हण, मी मनात म्हणत राहीन, आणि तू थांबशील तिथला पुढचा शब्द मोठ्यानं बोलीन. कसाही आला तरी हसू नकोस. गाडी या वेळी फार लांब होती, पोरी. पण मी कविता थांबवलेली नाही.

तुझाच, अजून फाटकापाशी उभा असलेला,
आबा