कागदी वेष्टनातला ड्रॅगन

लाडक्या चिझुरू, साप्पोरोहून ताईचा आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. तुझा खोकला गेला का?

वाचन मंडळात मी ह्यांचं आवडतं, चंद्रावरच्या वस्तीचं पुस्तक सुचवलं. प्रमुख कुरामोतो म्हणाले, "फुमिएबाई, या वयात चंद्रावर निघालात? ही पोरांची पुस्तकं!" सगळे हसले. माझं डोकंच फिरलं.

इथला पुस्तकांचा दुकानदार प्रत्येक पुस्तकाला सारखंच कागदी वेष्टन घालतो, त्यामुळे रागाच्या भरात निघताना माझ्या पुस्तकाबरोबर मी चुकून कुरामोतोंचंही पुस्तक उचलून आणलं. उघडलं तर ड्रॅगनची कादंबरी, तीही तिसरा भाग! ढोंगी मेला! कादंबरी मात्र झकास आहे, तूही वाच.

उद्या त्याच वेष्टनात ह्यांचं ते चंद्राचं पुस्तक घालून कुरामोतोंना देणार आहे. हे गेले तेव्हा त्यातली वाचनखूण अर्ध्यावरच राहिली. मला त्यापुढे वाचवत नाही, पण कोणीतरी वाचायला हवं.

ड्रॅगन परत हवा असेल, तर सगळ्यांसमोर मागू दे.

जपून राहा.
तुझी फुमिएताई