पोथीच्या कापडात

६ जानेवारी, सोमवार

आईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. सासू म्हणून चांगल्या आहेत, पेशंट म्हणून भयंकर! डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस वाचन नको. तर यांचं एकच — "मंग माझ्या पोथीचं कसं?" म्हटलं, मी वाचते. तर म्हणे, "बघू."

घोटीहून नोकरीचं पत्र आलंय. मुलींच्या वसतिगृहावर अधीक्षिका, राहायला तिथंच खोली, शनिवार-रविवार घरी. पंधरा तारखेपर्यंत कळवायचं. पत्र डाळीच्या डब्याखाली दडवलंय.

७ जानेवारी

जीवनला सांगितलं. बायकोवर ओरडणाऱ्यातला नाहीच तो. "तुझं तू ठरव" म्हणाला. मग दोन घास गेल्यावर — "पण आईचं काय? दिवसातून चारदा थेंब घालायचे." झालं! चांगला माणूस आहे, हीच पंचाईत. धड भांडताही येत नाही.

८ जानेवारी

दुपारी आई म्हणाल्या, "कडी घाल." मग देव्हाऱ्यातलं लाल कापडात बांधलेलं पुस्तक पुढं सरकवलं. चोवीस वर्षं बघतेय, रोज दुपारी एक ते तीन पोथी. कापड सोडलं, तर आत कादंबरी! जुनीपानी, कुण्या बाईनं लिहिलेली. नाव वाळवीनं खाल्लंय.

"शाळंतल्या बाईंनी दिलती लग्नात. सासू वाचू देईना. मंग पोथीच्या कापडात बांधली. पोथीला कोण हात लावतंय?"

चौथी शिकलेल्या बाईनं अख्ख्या घराला पन्नास वर्षं कादंबरीच्या पाया पडायला लावलं! पोट धरून हसले.

१० जानेवारी

जीवन आज अंबडच्या कारखान्यातून लवकर आला. आम्हाला वाचताना बघून चपला काढल्या, लांबूनच हात जोडले. आईंनी मला चिमटा काढला.

१२ जानेवारी, रविवार

कादंबरीतल्या अंबूनं वडिलांनी जमवलेलं लग्न मोडलं. परगावी शाळेत नोकरी धरली, खोली घेतली. ("शाबास!" — आई. दर पानाला.) पहिल्या संध्याकाळी ती एकटीपुरता भात लावायला बसते, आणि तिला कळेचना की किती घ्यावे तांदूळ. एक मूठ? दोन?

इथं मी वाचायची थांबले.

मी सेहेचाळीस वर्षांची. वडिलांच्या घरून थेट या घरी. मला किती भात लागतो, मला ठाऊक नाही. सगळ्यांचं होऊन उरतो तो माझा.

"का थांबली गं?" म्हटलं, अक्षर पुसट आहे.

मला घोटीला जायचंय. इथं तरी लिहिते. जायचंय!

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ झाला, पुस्तकही संपलं. म्हणजे संपलं नाही, शेवटची पानंच नाहीत! वडील आजारी असल्याची तार येते, अंबू तार घेऊन दारात उभी. पुढं काय? आईंना विचारलं, तर म्हणे, "माझा थेंब राहिला."

थेंब घातला. त्यांनी डोळा मिटून माझा हात धरून ठेवला. किती बारीक झालाय त्यांचा हात! अंबू परत गेली असणार. मीही गेले असते. या बाईवर माझा जीव आहे, त्याला मी काय करू? उद्या घोटीला नाही म्हणून कळवते.

१५ जानेवारी

फोन हातात घेतला, तर आई मागे. हातात डाळीच्या डब्याखालचं पत्र!

"पानं मीच फाडली. अंबू घरी जाती, पाया पडती आन् तिथंच राहती. लय राग आला. चुलीत घातली."

म्हटलं, पण तुमचे थेंब?

"जीवनला हात नायत का?"

घोटीला हो कळवलं.

आत्ता पाणी प्यायला उठले, तर आई ओट्याशी. माझ्यासाठी पिशवीत तांदूळ बांधत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "तुला दोन मुठी लागतो. कमी नको लावू."